२०१९ चा तयार गेमिंग पीसी आणि २२ हजारांचं बजेट: काय बदलायचं, कुठल्या क्रमाने

ताईने २०१९ च्या दिवाळीत भाच्यासाठी शोरूममधून एका मोठ्या कंपनीचा तयार गेमिंग पीसी घेतला होता. आय फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड. तेव्हा मस्त चालायचा. २०२५ च्या मे महिन्यात मी जळगावला गेलो तर विंडोज चालू व्हायला दोन मिनिटं, ब्राउझर उघडला की सगळं हँग, गेममध्ये मधेच झटके, आणि भाच्याचं एकच, मामा नुसतं नवीन ग्राफिक कार्ड टाकून दे ना, बाकी काही नको.

बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. कार्ड आधी मागवायचं, ते घरी आलं की मग पहिल्यांदा कॅबिनेट उघडायचं, आणि तेव्हा कळतं की एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) त्या कार्डाची वायरच नाहीये, नाहीतर कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडतंय. असेंबल्ड पीसीत हा त्रास कमी असतो कारण तिथे सगळे पार्ट स्टँडर्ड मापाचे असतात, पण कंपनीच्या तयार पीसीमध्ये कुठे काय काटकसर केलीय ते झाकण काढल्याशिवाय समजत नाही. म्हणून खरेदी सगळ्यात शेवटी, आधी तपासणी. मी ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगतो.

झाकण काढायच्या आधी

पीसी चालू असतानाच अर्धी माहिती मिळते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. भाच्याच्या पीसीत दोनपैकी एकच भरलेला होता. मग सीपीयू-झेड टाकून मदरबोर्डचं नाव आणि चिपसेट बघा, जीपीयू-झेडमध्ये कार्ड आणि त्याची पीसीआय लाइन (मदरबोर्डशी डेटाची ये-जा करणारे रस्ते), आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कची तब्येत. यातली ही तीनही सॉफ्टवेअर फुकट आहेत. हार्ड डिस्कला पिवळा 'कॉशन' दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी फोटो, प्रोजेक्ट, जे काय असेल ते बाहेर कॉपी करून घ्या.

आता नेहमीचा गेम लावा आणि एमएसआय आफ्टरबर्नरने स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डचा वापर, प्रोसेसरचा वापर आणि रॅम दाखवायला लावा. अर्धा तास खेळा. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि प्रोसेसर भरलेला आहे, तर नवीन कार्ड टाकून फार फरक पडणार नाही. आणि रॅम ७.५ जीबीला टेकलीय, डिस्क १०० टक्के दाखवतेय, तर झटके तिथून येतायत. भाच्याकडे हे तिसरं होतं! कार्ड जुनं होतं हे खरं, पण त्याला ज्या गोष्टीचा राग यायचा तिचं कारण रॅम आणि हार्ड डिस्क होतं.

झाकण काढल्यावर

प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक निघून जाते, आणि काम करताना मधूनमधून परत लावत रहा. गालिच्यावर बसून करू नका.

प्रोसेसरचा पंखा वरून बघितला तर बरा दिसत होता. चार स्क्रू सोडवून तो उचलला तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा चक्क नमदा बसला होता, करडा, चिकट, बोटाने उचलला तर अख्खी चकती निघून आली. हवा खाली जातच नव्हती. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. कूलर मदरबोर्डवरून काढला असेल तर जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि वाटाण्याएवढी नवीन लावायची. एएमडीचा जुना रायझन असेल तर कूलर काढायच्या आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करा आणि कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत काढा, थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर पिनांसकट वर येतो.

नुसत्या सफाईने आणि पेस्टने खेळतानाचं तापमान ९१ अंशांवरून ७२ वर आलं, ते पण बाहेर ४४ अंश असताना. खर्च पेस्टचे २५० रुपये. दुसरं काहीच करणं शक्य नसेल तरी हे नक्की करा.

आता झाकण उघडंच आहे तर चार गोष्टी कागदावर लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा.

एक, एसएमपीएसवरचा स्टिकर. वॅट तर बघाच, पण त्याहून महत्त्वाचे १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर. त्यांना १२ ने गुणलं की कार्ड आणि प्रोसेसरला मिळून खरी किती ताकद मिळते ते कळतं. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट, मग वर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असू दे.

दोन, एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणारी मोठी वायर. २४ पिनची असेल तर तुमचं नशीब चांगलं, बाजारातला कुठलाही एटीएक्स एसएमपीएस चालेल (आकार मात्र मोजा, काही कॅबिनेटमध्ये छोट्या मापाचा असतो). डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०२०, ९०२० सारख्या मशीनमध्ये ती ८ पिनची असते, एचपी आणि लेनोव्होच्या बऱ्याच मशीनमध्ये पण वेगळीच. त्यासाठी कनव्हर्टर वायर मिळतात पण नेमक्या मॉडेलची घ्यावी लागते, अंदाजाने घेऊन लावली तर मदरबोर्ड जळू शकतो.

तीन, कार्डासाठी जागा. मागच्या पट्टीपासून पुढे जे काही अडेल तिथपर्यंत टेपने मोजा, मिलिमीटरमध्ये. दोन स्लॉटची जाडी मोकळी आहे का ते पण बघा.

चार, एम.२ स्लॉट. हा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची वेगवान डिस्क) बसवायचा बारका आडवा स्लॉट असतो, मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये तो एनव्हीएमई (जास्त वेगाची एसएसडी) घेतो का फक्त साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) ते लिहिलेलं असतं.

भाच्याच्या पीसीत ३०० वॅटचा एसएमपीएस, २४ पिनची वायर, कार्डाला २६० मिलिमीटर जागा, आणि एम.२ स्लॉट अगदी रिकामा. कार्डासाठी वेगळी वायर एकही नाही, कारण ते जीटीएक्स १६५० फक्त ७५ वॅट घेतं आणि तेवढे स्लॉटमधूनच मिळतात. म्हणजे त्याने आग्रह धरला तसं आधी कार्ड आणलं असतं तर ते टेबलावर पडून राहिलं असतं.

पहिला खर्च एसएसडी

हार्ड डिस्क सेकंदाला दीडदोनशे एमबी देते, ते पण मोठी फाइल सलग वाचताना. विंडोज हजारो बारक्या फाइल इकडून तिकडून वाचतं, तिथे तिचा वेग अगदी कोसळतो. साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते, जनरेशन ३ ची एनव्हीएमई साडेतीन हजारापर्यंत. रोजच्या वापरात या दोघींतला फरक फार जाणवत नाही, हार्ड डिस्क आणि यातली कुठलीही एक यांच्यातला फरक मात्र पहिल्या मिनिटाला कळतो. एम.२ स्लॉट नसेल तर साटावाली बिनधास्त घ्या. मी ५०० जीबीची एनव्हीएमई घेतली, ३१०० ला पडली.

जुन्या डिस्कची नक्कल करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाका. १ टीबीची डिस्क ५०० जीबीवर क्लोन करायची तर आधी पार्टिशन लहान करत बसावं लागतं, आणि सहा वर्षांचा कचरा पण सोबत येतो. कंपनीच्या पीसीचं विंडोज लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, म्हणून डिस्क बदलली तरी ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, बस. एकच काळजी घ्या, विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. नाही काढली तर बूटची फाइल कधीकधी जुन्या डिस्कवरच जाते आणि पुढे ती डिस्क काढली की पीसी चालूच होत नाही.

विंडोज ११ च टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर ११ ला चालतात, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) इंटेल पीटीटी आणि सिक्युअर बूट हे सुरक्षेचे दोन पर्याय चालू करावे लागतात. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना तर विंडोज ११ वर हे दोन्ही लागतंच. पण आधीपासून डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या. ती नसेल तर डेटा गेलाच समजा.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यापायी आमची अख्खी दुपार गेली. एम.२ स्लॉट होता, पण एसएसडीचं दुसरं टोक जिथे बसतं तिथला पितळी खुंट आणि स्क्रू कंपनीने दिलेलाच नव्हता. एसएसडी तिरकी वर उभी. टेपने चिकटवावी असं वाटतं, पण तसं करू नका, उष्णतेने टेप सुटतो. आम्ही लॅपटॉप रिपेअरच्या दुकानात गेलो, त्या काकांनी डबीतून खुंट आणि स्क्रू शोधून दिला, पैसे घेतले नाहीत. तुम्ही ऑर्डर करतानाच एम.२ स्क्रूची पुडी मागवून ठेवा.

मग रॅम

एकाच ८ जीबीच्या स्टिकवर पीसी विकणं ही काटकसर मला सगळ्यात जास्त खटकते. कारण प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते असतात आणि एक स्टिक असली की एक रस्ता कायमचा बंद. २६६६ वेगाच्या एका स्टिकवर सेकंदाला साधारण २१ जीबी डेटा जातो, दोनवर ४२. म्हणजे दुसरी ८ ची स्टिक लावली की जागा तर दुप्पट होतेच, वेग पण दुप्पट होतो, आणि गेममधले ते मधले झटके बऱ्यापैकी जातात.

घेताना जुन्या स्टिकसारखीच डीडीआर४, डेस्कटॉपची (लॅपटॉपची लांबीने अर्धी असते), आणि शक्यतो त्याच वेगाची घ्या. ३२०० ची घेतली तरी चालते, पण बी३६० सारख्या बोर्डवर ९४००एफ बरोबर ती २६६६ वरच पळणार, जास्त पैसे देऊ नका. मला नवीन १६०० ला मिळाली होती. त्यानंतर २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव जे भडकले ते बघता आता नवीनच्या मागे लागू नका, ऑफिसांच्या लीजवरून सुटलेल्या पीसींमधल्या ८ जीबीच्या २६६६ स्टिक मार्केटमध्ये असतात, त्या बघा. रॅम वापरलेली घ्यायला हरकत नाही, ती एकतर चालते किंवा चालत नाही. रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवा, सकाळी एकही एरर दिसली तर परत करा.

स्टिक लावल्यावर डिस्प्ले नाही आला तर घाबरू नका. काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने हलकी घासा, चुरा झटका, परत बसवा, दोन्ही टोकांना टक आवाज आला पाहिजे.

इथपर्यंत पेस्ट धरून ४९५० रुपये झाले. विंडोज पंधरा सेकंदात समोर, ब्राउझर आणि गेम एकत्र चालू. अभ्यास आणि हलके गेम एवढंच असेल तर इथेच थांबा, खरंच.

एसएमपीएस, जिथे पैसे वाचवायचे नाहीत

पार्ट मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घेतले, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. दोन्हीकडे एक वस्तू हमखास पुढे केली जाते, हजारबाराशेचा, हलका, वर ४५० किंवा ५०० वॅट छापलेला एसएमपीएस. घेऊ नका. हातात धरला की वजनावरूनच कळतं. तो गेला तर एकटा जात नाही, कार्ड आणि मदरबोर्ड पण घेऊन जातो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज कसं खालीवर होतं ते सगळ्यांना माहितीय.

हिशोब सोपा आहे. प्रोसेसर ६५ वॅट, पुढे घ्यायचं ठरवलेलं आरएक्स ६६०० कार्ड १३२, बाकी सगळं मिळून ५०, म्हणजे २५० च्या आसपास. पण कार्ड क्षणभरासाठी याच्या बरंच वर उडी मारतं, आणि एएमडी स्वतःच या कार्डासाठी किमान ४५० वॅट सांगते. मी नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ, पाच वर्षं वॉरंटीवाला घेतला, ४२०० ला. ८० प्लस ही वीज कमी वाया जाण्याची खूण आहे, टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीच्या वर्षांवरून घ्या. १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून बिलाशिवाय स्वस्तात देतो असं दुकानदार म्हणेल. बिल घ्याच, नाहीतर पुढे वॉरंटी मागायला कागद नसतो.

जोडताना दोन ८ पिनच्या वायरींमध्ये गोंधळ होतो. प्रोसेसरची वायर ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २. दोन्ही दिसायला सारख्या, आत करंटची दिशा उलटी. वायरीवर लिहिलेलं असतं, वाचून लावा, जोर करावा लागला तर ती चुकीची आहे. भाच्याच्या बोर्डवर प्रोसेसरला ४ च पिनची जागा होती, तिथे अर्धी वायर लावायची आणि अर्धी मोकळी सोडायची, चालतं. आणि मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल त्याला कधीच लावू नका, प्लग बसला तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो.

आता ग्राफिक कार्ड

एसएमपीएस बदलणं शक्यच नसेल, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड बघा. ७० वॅट घेतं आणि बऱ्याच मॉडेलला वेगळी वायर लागत नाही. लक्षात ठेवा, ३०५० नावाची दोन कार्डं आहेत, ८ जीबीचं २०२२ चं आणि ६ जीबीचं २०२४ चं, आणि फरक फक्त मेमरीचा नाहीये, ६ जीबीवालं मुळातच हळू आहे. नाव बघून एकाच्या भावात दुसरं घेऊ नका.

एसएमपीएस बदलला असेल तर १०८० पिक्सेलवर खेळायला आरएक्स ६६०० मला अजूनही पैशाला सगळ्यात परवडणारं वाटतं. ८ जीबी मेमरी, एकच ८ पिनची वायर, जीटीएक्स १६५० च्या साधारण दुप्पट ताकद. ते पीसीआयच्या आठच लाइनी वापरतं, त्यामुळे जुन्या पीसीआय ३.० बोर्डवर थोडं कमी पडतं, पण थोडंच. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र जुन्या पीसीत घेऊ नका, त्याला चारच लाइनी आणि मेमरी ४ जीबी, ३.० बोर्डवर ते फार मार खातं. इंटेलची आर्क कार्डं पण इथे नकोत, त्यांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरला सपोर्ट देत नाही.

मी वापरलेलं घेतलं, १२,५०० ला. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच पीसीत लावून बघितलं. फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं आणि मग एखादा खरा गेम. स्क्रीनवर ठिपके, रंगीत चौकोन, पंख्याचा खरखर आवाज, यातलं काहीही असेल तर उठून या. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर कार्ड उघडलंय, का उघडलं ते विचारा. सीरियल नंबरचा स्टिकर आणि मूळ बिल असेल तर उरलेली वॉरंटी कंपनीच्या साइटवर तपासता येते. चालू न करता दाखवलेलं कार्ड कितीही स्वस्त असलं तरी नको.

एनव्हिडियावरून एएमडीवर जाताना जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने काढा, मग पीसी बंद करून कार्ड बदला. मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डला लावून स्क्रीन काळी बघत बसायचं नाही, ९४००एफ मधल्या त्या एफचा अर्थच असा की प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नाही. कार्डाचा मागचा स्क्रू घट्ट करा, वजनाने ते खाली झुकतं. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर किती हर्ट्झवर चाललाय ते बघा, १४४ चा मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालवणारी मुलं मी बघितलीत.

कार्ड वाढलं की आतली गरमी पण वाढते आणि या कॅबिनेटला मागे एकही पंखा नव्हता. ४०० रुपयांचा १२० मिलिमीटरचा पंखा लावला, हवा बाहेर फेकणारा.

सगळा हिशोब मिळून २२,०५० रुपये. जुनं जीटीएक्स १६५० पाच हजाराला गेलं, म्हणजे ताईच्या खिशातून १७,०५० गेले.

जे मुद्दाम नाही केलं

प्रोसेसर. ९४००एफ मध्ये ६ कोअर आणि ६ च थ्रेड, काही नवीन गेममध्ये तो पुरा भरतो हे खरंय. त्याच बोर्डवर वापरलेला आय सेव्हन ८७०० (६ कोअर, १२ थ्रेड) किंवा ९७०० (८ कोअर) बसू शकतो, कंपनीने त्याच मॉडेलच्या महागड्या पीसीत तो दिला असेल तर बायोसचा प्रश्न येत नाही. ९९००के च्या नादी लागू नका, अशा बोर्डांची पॉवर देणारी बाजू त्याला पुरत नाही. मदरबोर्ड बदलायचा विचार आला तर मात्र थांबा, कारण त्याच्या मागे रॅम, कधी कॅबिनेट आणि विंडोजचं लायसन्स असं सगळंच बदलत जातं, ते पैसे वेगळ्या पीसीसाठी साठवलेले बरे.

यूपीएस राहिलाय. घरातला जुना ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा, पीसी आणि मॉनिटर मिळून भर गेममध्ये तो काठावर येतो, आणि लाइट गेली की दोन मिनिटं पण मिळत नाहीत. १००० व्हीएचा बघायचा आहे, तोपर्यंत भाच्याला सांगून ठेवलंय, आभाळ भरून आलं की गेम सेव्ह करायचा आणि प्लग काढायचा.